डावा कोपरा

रक्त आधी लगामावर दिसलं,
तोंडात नाही.
वाळलेलं, तपकिरी.
दोन दिवस मी त्याला गंजच समजत होते.

सेफाको. म्हणजे गारा.
करड्या पाठीवर पांढरे ठिपके,
कुणी मूठभर भिरकावल्यासारखे.
हिवाळ्यात वरच्या तीन वस्त्यांना
दवाखान्याची औषधं तोच पोचवतो.
वर बसलेले माझे वडील फक्त दार ठोठावतात.

ओठ बाजूला केला तसा तो मान उंचावून मागे सरला.
डाव्या कोपऱ्यात भेग, नखाएवढी,
कडा पांढुरक्या, आत ओलं लाल.
उजवीकडे काहीच नाही.

घोड्याच्या जबड्यात एक जागा असते बिनदातांची.
पुढचे दात संपलेले, दाढा अजून लांब,
मधे नुसती हिरडी.
माणसाला ती कधी सापडली कोण जाणे.
सापडली,
आणि त्याने तिथे लोखंड ठेवलं.

कोमट पाणी, चिमूटभर मीठ.
सकाळ-संध्याकाळ, चारा खाऊन झाल्यावर.
आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघ,
बाळाच्या दुधासारखं, मामाथे म्हणाली. तिला आठ नातवंडं.
मग मेंढीच्या चरबीचं बोट,
कातडी ताणते तिथे, कडेकडेने.
दहा दिवस लोखंड खुंटीला.
जायचंच झालं तर नाकावरून दोरी,
आणि उतारावर आपण पायी.

लगामही तपासला.
अंगोरा शेळीच्या लोकरीचा पुंजका
लोखंडावरून सावकाश ओढत नेला.
खरखर असेल तिथे तंतू अडकतो,
बोटाला न कळलेलं लोकरीला कळतं.
डावी कडी, मधला सांधा, उजवी कडी.
एकही तंतू अडकला नाही.
मी पुन्हा ओढला.
मला तो अडकायला हवा होता.

न्ताते भिंतीला टेकून ऊन खात होते.
त्यांच्या डाव्या हाताला अंगठा आहे आणि करंगळी.
मधली तीन बोटं सीमेपलीकडे,
सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटर खाली
कुठल्याशा दगडाखाली राहिली.
मनगटावर एक वळ होता,
वादीएवढाच रुंद.

मुठीत धरता येत नाही,
म्हणून ते लगाम मनगटाला गुंडाळतात.
बोटं सैल सुटतात. मनगट सुटत नाही.
बर्फाळ वाटेवर तोल गेला
की आख्खा माणूस
त्या एका कोपऱ्याला लटकतो.

मी काही बोलले नाही.
त्यांचा हात धरून सेफाकोपाशी नेला,
ओठ उचलला.
ते बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, पुसेलेत्सो, मीठ संपलंय का बघ.

माझ्या नावाचा अर्थ भरपाई.
खाणीशी त्याचा संबंध नाही,
माझ्याआधी एक भाऊ होता, तीन महिन्यांचा.
तरी दोन-तीन वर्षांनी तो सरकारी कागद येतो,
त्यातला भरपाईचा रकाना कोराच,
तेव्हा न्ताते माझ्याकडे बघून हसतात.

जुन्या पट्ट्याचं चामडं कापून मी एक दांडा शिवला,
दोन्ही वाद्यांच्या मधोमध.
अंगठा आणि करंगळीत बसतो.
जोराने हिसका बसला तर आपोआप निसटतो.
पहिल्यांदा निसटला तेव्हा न्ताते शिव्या देत
घोड्याच्या मानेला मिठी मारून उतरले,
आणि सेफाको, तोंड मोकळं, शांत उभा होता.

आता पहाटे लोखंड बर्फासारखं गार असतं.
न्ताते ते घोंगडीच्या आत, काखेत धरून बसतात.
परवा मी पाहिलं,
कुणी बघत नाहीसं वाटून
त्यांनी ते स्वतःच्या तोंडात घातलं,
डोळे मिटले, थांबले,
काढून पुन्हा काखेत ठेवलं.
अजून थोडं, ते घोड्याला म्हणाले.

भेग भरली. तिथे पांढरे केस उगवलेत.
गारांमधली आणखी एक गार,
माहीत नसेल तर दिसणार नाही.
न्ताते रोज तिथे अंगठा टेकवून बघतात.
वळही फिकट झालाय.
पूर्ण जाईल असं मामाथेला वाटत नाही.